राखणदाराची सतरा वाक्यं

सातव्या वाक्यापाशी मी अडलो. घसा ठीक होता, निघताना बायकोनं, सुनंदानं, दिलेला ज्येष्ठमधाचा तुकडा गालात होता, आणि कागदावरची अक्षरं आभानं माझ्यासाठी मुद्दाम मोठी छापून आणली होती. पहिली सहा वाक्यं मी झोकात म्हटली होती. ‘थांब, वाटसरू.’ ‘ही वेस आहे, चावडी नव्हे.’ ‘आजवर इथून कुणी गेलं नाही, आणि तूही जाणार नाहीस.’ काचेपलीकडे बसलेला भावेश, तिथला आवाज घेणारा मुलगा, दर वाक्याला अंगठा वर करत होता, आणि बेलापूरच्या त्या भिंतींना गादी ठोकलेल्या खोलीत, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, आपण कुणीतरी आहोत असं मला वाटायला लागलं होतं. सातव्या वाक्याआधी कंसात सूचना होती: भेट हातात घेऊन, पारखत. आणि पुढे दोनच शब्द. ‘किती झाले?’ ते वाचले आणि मी कागद खाली केला. कानावरच्या हेडफोनमधून भावेशनं विचारलं, “काका, काय झालं? पाणी देऊ?” मी नको म्हणालो. त्याच्यामागे आभा, माझी मुलगी, उभी होती, हाताची घडी घालून. ज्या कॉम्प्युटर गेमसाठी माझा आवाज घेत होते, त्यातलं सगळं बोलणं तिनं लिहिलेलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

ते दोन शब्द माझे होते. मार्चमधल्या एका रविवारी, खांदा कॉलनीतल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दारात उभं राहून मी ते बोललो होतो. दार उघडलं तर बाहेर प्रितेश. आभाच्याच कंपनीत कॉम्प्युटरवर माणसं आणि घोडे घडवतो, उरणकडचा, कोळ्यांचा मुलगा. त्याच्यामागे त्याची आई, जनीबाई. ठेवणीतलं लुगडं, केसांत अबोलीचा गजरा, आणि दोन्ही हातांवर ओल्या फडक्यात गुंडाळलेला जिताडा, चांगला हातभर लांब. आमच्या रायगडात जिताडा कुणी कुणाला उगाच देत नाही. साहेबाला देतात, व्याह्याला देतात, जिथं नातं जोडायचं त्या दारी घेऊन जातात. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझं लहानपण आपट्याला गेलं, वडील तलाठी, आमच्या ओटीवर असे मासे येत आणि आई त्यांच्याकडे बघूनच कुणाचं काय काम आहे ते ओळखत असे. तरी मी तो मासा हातात घेतला, कल्ला उचलून लाल आहे का पाहिलं, वजनाचा अंदाज घेतला, आणि मागच्या खिशातून पाकीट काढत विचारलं, “किती झाले?” जनीबाई हसली. तिला आधी कळलंच नाही. मग कळलं, पण हसू तोंडावर तसंच राहून गेलं, ते काढून कुठे ठेवावं हे तिला सुचेना. “इकायला नाय आनला, दादा,” ती म्हणाली. “तुमच्या घरी द्यायला आनलाय. आमच्या खाडीतला हाय.” मी पाकीट उघडं धरून उभा. चाळीस वर्षं मासळी घेतो आहे, समोर कोळीण आली की हात आपोआप खिशाकडे जातो, सवय आहे, असं मी नंतर सुनंदाला सांगितलं. सवय होती हे खरं. आणि ती सवय नेमकी त्या वेळी आपल्या मदतीला आली म्हणून मला आतून बरं वाटलं, हेही खरं. जिताडा सुनंदानं केला, मी दोन तुकड्या खाल्ल्या. आभा जेवली नाही. “तुम्हाला मासे चालतात बाबा, मासेवाले चालत नाहीत,” एवढं बोलून ती आत गेली आणि आमच्या घरातलं बोलणं बंद झालं.

“काका, रागानं नको,” भावेश सांगत होता. “रोज विचारता तसं, सहज.” नऊ वेळा घेतलं त्यानं ते वाक्य. आठ वेळा मी ते बिघडवलं, कधी मोठ्यानं, कधी खर्जात, एकदा तर मुद्दाम खोकलो. नवव्या वेळी ते सहज आलं, मार्चमध्ये आलं होतं तसंच, आणि काचेपलीकडे अंगठा वर झाला. मग आठवं, नववं, दहावं. अकरावं वाक्य होतं, ‘माझ्या हयातीत हे दार उघडणार नाही.’ हे मी एप्रिलमध्ये म्हणालो होतो, आभानं नोंदणी कचेरीत प्रितेशशी लग्नाची नोटीस दिल्याचं सांगितलं तेव्हा. नोटीस तीस दिवस फळ्यावर लागते, त्यानंतर लग्न. मी ते बोललो तेव्हा जेवणाच्या टेबलावर हात आपटला होता आणि ताकाचं भांडं कलंडलं होतं. इथं आपटायला काही नव्हतं. आता कागदावर पुढचं सगळं मला ओळखू येत होतं. ‘तुला काय कळतंय?’ ‘लोक काय म्हणतील याचा विचार केलास?’ या वाक्यात तिनं लोकांच्या जागी ग्रामदेवता घातली होती, बाकी काही बदललं नव्हतं. सातव्यापासून सतराव्यापर्यंत सगळी वाक्यं माझी. मुलीनं बापाचं बोलणं इतकं लक्ष देऊन ऐकलं, याचा एखाद्याला अभिमान वाटला असता. मला लाज वाटली, आणि लाजेत बोललेली वाक्यं फार छान आली असं भावेश म्हणाला.

तुम्ही म्हणाल, आधी वाचून का आला नाहीस? सांगतो. मी नट आहे. हौशी, पण नट. पाटबंधारे खात्यात नोकरी झाली, तिथं दरवर्षी कर्मचाऱ्यांच्या नाट्यस्पर्धेत आमचं नाटक असे, बहुधा राजेरजवाड्यांचं, कारण तो कपडेपट भाड्यानं चटकन मिळे. राजा व्हायचा आस्थापना शाखेतला कमलाकर, कारण त्याचं नाक सरळ आणि साहेबांशी संबंध त्याहून सरळ. मी दारावर. भालदार, द्वारपाल, पहारेकरी, एकदा कैलासावरचा नंदी. उंची आणि आवाज दोन्ही दारावर शोभण्याजोगे आहेत, असं आमचा दिग्दर्शक काशीराम म्हणायचा आणि मला ते कौतुक वाटायचं. नाटकाची पुरती प्रत फक्त काशीरामकडे असे. आम्हा बाकीच्यांना ज्याची त्याची नक्कल मिळायची, म्हणजे आपली तेवढी वाक्यं आणि प्रत्येकाच्या आधी समोरच्याच्या बोलण्यातले शेवटचे दोन-तीन शब्द, तोंड कधी उघडायचं ते कळावं म्हणून. एका नाटकात मी चार प्रयोग दारावर उभा होतो, आणि राणीनं विष कुणाला दिलं हे मला पाचव्या प्रयोगाला आजारी पडून प्रेक्षकांत बसलो तेव्हा कळलं. पुढे काय होतं हे विचारायची मला खोडच नाही. त्यामुळे नोटिशीनंतरच्या अबोल्याच्या बाराव्या दिवशी आभा समोर येऊन म्हणाली, “बाबा, आमच्या गेममध्ये एक राखणदार आहे, त्याला तुमचा आवाज हवाय,” तेव्हा मी फक्त तारीख विचारली. मला वाटलं ही लाच आहे. लाच म्हणून मला ती आवडली होती.

वाक्यं संपली आणि मी हेडफोन काढायला लागलो तर भावेश म्हणाला, “काका, अजून आवाज घ्यायचेत. मार बसल्याचे चार-पाच, मग मरतानाचे तीन.” इतक्या सहज म्हणाला तो, जेवून जा म्हणावं तसं. मी विचारलं, “मरतो का हा?” भावेशनं मागे वळून आभाकडे पाहिलं आणि पुन्हा माझ्याकडे. “मेल्याशिवाय दार नाही उघडत ना काका.” मी मेलो. रंगभूमीवर कधी मरायला मिळालं नव्हतं, द्वारपालाला कोण मारतं, त्यामुळे जरा जास्तच मेलो, आणि मला थोडं कमी मरायला सांगण्यात आलं. तिसऱ्या वेळी मी नुसता श्वास सोडला. तोच घेतला त्यांनी.

परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. कळंबोलीला बस जरा रिकामी झाली. मग मी विचारलं, “असा काय हा? सोडत का नाही कुणाला?” आभा खिडकीकडे बघत म्हणाली, “त्याला लहानपणी सांगितलेलं असतं की ज्या दिवशी ही वेस उघडेल त्या दिवशी तू मरशील. म्हणून तो कुणाला जाऊ देत नाही. आणि जाऊ देत नाही म्हणून त्याला मारावं लागतं.” “म्हणजे नशीबच.” “नशीबच.” “आणि समजा त्यानं आपण होऊन दार उघडलं तर?” तिनं पहिल्यांदा माझ्याकडे मान वळवली. डोळ्यांखाली काळं आलं होतं तिच्या, ते मी इतके दिवस बघितलं नव्हतं. “लिहिलं होतं बाबा मी तसं. आधी तसंच लिहिलं होतं. तो बाजूला होतो आणि म्हणतो, जा. आम्ही वीस-बावीस जणांना खेळायला दिलं. कुणालाच पटलं नाही. सगळे म्हणाले, हा माणूस असं करणार नाही.” “मग?” “मग काढून टाकलं.” आमचा थांबा आला. उतरताना तिनं माझी पिशवी घेतली, सवयीनं.

नोटिशीचे तेरा दिवस उरले होते. त्या दिवसांत मी दुपारी तो गेम खेळलो. आभा कामावर, सुनंदा पलीकडच्या खोलीत पडलेली, आणि मी जेवणाच्या टेबलावर आभाचा जुना लॅपटॉप घेऊन. कुठलं बटण दाबलं की काय होतं ते तिनं कागदावर लिहून दिलं होतं. एक मुलगी असते, पाठीवर गाठोडं, हातात भाला, आणि ती चालत वेशीशी येते. वेशीत मी. प्रितेशनं घडवलेला राखणदार, रुंद खांद्यांचा, पांढऱ्या मिशांचा, आणि एक खांदा जरा खाली. माझा खाली आहे. मार्चमध्ये पंधरा मिनिटं आमच्या घरात बसला होता तो मुलगा, तेवढ्यात त्यानं माझा खांदा बघून घेतला होता. मी त्या मुलीला राखणदारासमोर नेऊन उभी करायचो आणि तो माझ्या आवाजात म्हणायचा, थांब, वाटसरू. मी तिला नुसतीच थांबवून ठेवली. पाऊण तास. सुनंदा चहा टाकायला उठली तरी ती दोघं तशीच उभी. मग मी तिला नमस्कार करायला लावला, भेट द्यायला लावली, दिव्याचं तेल दिलं, गाठोड्यातली भाकरी दिली. प्रत्येक वेळी तो म्हणाला, किती झाले? मी लॅपटॉपसमोर एकटा बसून म्हणायचो, अरे बाबा, विकायला नाही आणली. त्याला ऐकू जायचं नाही. आभाच्या कागदात एक बटण असंही होतं, जे दाबलं की समोरच्याचं बोलणं ऐकावंच लागत नाही, गाळून पुढे जाता येतं. ज्यांना गोष्ट माहीत आहे ते तेच दाबतात, तिनं लिहिलं होतं. आपल्या बोलण्यावर घरातल्यांनी असं बटण किती वर्षांपूर्वी दाबलं असेल याचा मी हिशेब करायला लागलो आणि सोडून दिला.

एका दुपारी मी त्या मुलीला मागे फिरवलं. नाही ना जाऊ देत, नको जाऊस, चल घरी. ती गावात आली. गावात विहिरीवर एक बाई होती, ती म्हणाली, यंदा पाणी बरं आहे. लोहार म्हणाला, भाला आणलास का धार लावायला? मी तिला पुन्हा विहिरीवर नेलं. यंदा पाणी बरं आहे. पुन्हा लोहाराकडे. दिवस मावळत नव्हता, कुणी जेवत नव्हतं, गोष्ट जिथल्या तिथं थांबली होती, आणि मला अचानक माझी थोरली बहीण सुमती समोर दिसली, आपट्याच्या घरात, मागच्या पडवीत सुपात तांदूळ घेऊन. ती चोवीस वर्षांची असताना एकाबरोबर निघाली होती. कोण, कुठला, ते सांगून आता उपयोग नाही. वडील ओटीच्या पायरीवर आडवे उभे राहिले आणि मी, एकोणीस वर्षांचा, त्यांच्यामागे. मला तेव्हा एकही वाक्य नव्हतं. सुमती बॅग घेऊन थोडा वेळ उभी राहिली आणि परत आत गेली. आम्ही जिंकलो. पुढे ती चिरनेरच्या शाळेत शिकवायला लागली, सुट्टीत घरी यायची, आणि भेटलं की विचारायची, बरा आहेस ना? थंडी आहे का तिकडे? एकवीस वर्षं तेवढंच विचारत राहिली आणि मग एका उन्हाळ्यात कावीळ होऊन गेली. वडील शेवटपर्यंत म्हणत, मी तिला वाचवलं. मी त्यांना कधी विचारलं नाही, कशापासून? मी लॅपटॉपसमोर रडलो. आवाज न करता, कारण सुनंदा झोपली होती. पण ती झोपली नसावी, कारण थोड्या वेळानं आतूनच म्हणाली, “अहो, त्या पोरीला जाऊ द्या की.” ती कुठल्या पोरीबद्दल बोलली ते मी विचारलं नाही.

शेवटी मी त्याला मारलं. म्हणजे मला. डोळे मिटून बटण दाबत राहिलो, माझे मार बसल्याचे आवाज एकामागून एक ऐकले आणि मग तो श्वास. डोळे उघडले तर वेस उघडी. पलीकडे काय असेल? मी खरंच आशेनं बघत होतो. पलीकडे तेच गवत होतं, तीच वाट, तसाच एक दगड. मुलगी चालायला लागली. राखणदार इतकी वर्षं पाठ करून उभा होता त्या बाजूला, त्यानं एकदा मान वळवून बघितलं असतं तरी कळलं असतं.

तर मी ठरवलं. लाज, राग, सुमती, काय कारण लावायचं ते लावा, पण ठरवलं. वाक्य सोपं होतं: आभा, मी येतो, साक्षीदार म्हणून सही करतो. न्हाणीघरात नळ सोडून आठ दिवस मी त्याची तालीम केली. ‘साक्षीदार’वर जोर द्यावा की ‘मी’वर, हे ठरवायलाच दोन दिवस गेले. आधी एखाद्या संध्याकाळी साधेपणानं सांगून टाकावं, असं सुचलं होतं. पण नटाची खोड, त्याला प्रवेश लागतो. मी त्या सकाळची वाट बघत राहिलो.

ती सकाळ आली. आभानं सुनंदाची मोतिया रंगाची साडी नेसली होती. मी इस्त्रीचा सदरा घालून दाराशी उभा होतो, आणि मला तिथं बघून ती बाहेरच्या खोलीच्या मध्येच थांबली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नुसती दम धरून उभं राहण्याची तयारी होती. मी म्हणालो, “आभा, मी येतो. साक्षीदार म्हणून सही करतो.” चांगलं म्हटलं. कुठेही अडखळलो नाही. ती हळू आवाजात म्हणाली, “साक्षीदार तीनच लागतात, बाबा. आई आहे, भावेश आहे, प्रितेशची किशोरीआत्या आहे. कागद गेलेत त्यांचे.” “हो का,” मी म्हणालो. “तुम्ही या ना पण,” ती म्हणाली. “तुम्ही असेच या.” सुनंदानं माझ्या सदऱ्याची कॉलर सारखी केली आणि आम्ही तिघं रिक्षात बसलो.

पनवेलच्या त्या कचेरीत बोळासारखा लांब व्हरांडा होता आणि शेवटच्या खोलीच्या दारावर एक शिपाई. प्रितेश पांढऱ्या शर्टात आला, मला वाकून नमस्कार केला, मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो काढायचा केव्हा हे मला कळेना. नाव पुकारलं तसे सगळे दाराकडे सरकले. शिपाई मोजत होता. नवरा, नवरी, साक्षीदार एक, दोन, तीन. “बास. आत जागा नाही. आणखी एक कुणीतरी या.” आभानं मागे पाहिलं. माझ्याकडे आणि जनीबाईकडे. आम्ही दोघं शेजारी उभे होतो. मार्चनंतर मी तिला आजच बघत होतो आणि माझ्याकडे तिच्याशी बोलायला तोंड नव्हतं. ती पदर सावरत मागे सरली. “तुमी जावा आत, दादा,” ती म्हणाली. “पोरीचा बाप हाव तुमी. मी हाय भायेर.” तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मी शोधला, नव्हता. टोमणा असता तर मी गेलो असतो आत. “नाही,” मी म्हणालो. “तुम्ही जा.” आणि बाजूला झालो. जनीबाई आत गेली. आभा अजून मान वळवून बघत होती, तिला काही बोलायचं होतं बहुतेक, पण शिपायानं दार ओढून घेतलं.

व्हरांड्यात ऊन आलं होतं. आतून खुर्च्या सरकल्याचं ऐकू आलं, मग कुणीतरी काहीतरी वाचायला लागलं, शब्द कळत नव्हते. शिपायानं मला आपलं स्टूल दिलं आणि पाच मिनिटांनी म्हणाला, “काका, जरा बघता का? कुणाला आत सोडू नका. चहा मारून येतो.” मी स्टुलावर दाराला पाठ लावून बसलो. व्हरांड्यातून एक जोडपं आलं, कोवळं, मुलीच्या हातात कागदांची प्लास्टिकची पिशवी, मुलाच्या कपाळावर घाम. मुलगा दाराच्या कडीकडे हात नेत म्हणाला, “जाऊ का आत?”

“थांबा जरा,” मी म्हणालो. “आत लग्न चाललंय. माझ्या मुलीचं.”

दोघंही माझ्याकडे बघायला लागले, मग बंद दाराकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

“मग काका, तुम्ही बाहेर कसे?” त्या मुलीनं विचारलं.

“उशीर केला मी,” मी म्हणालो, आणि त्यांना बसायला जागा व्हावी म्हणून स्टुलावरून उठलो.